मोकळा पैलवान

माझे चुलते बारा वर्षं पैलवानकी करत होते आणि त्याचा त्यांच्याकडे एकही कागद नाही. प्रमाणपत्र नाही, पेपरातलं कात्रण नाही, शोकेसमध्ये चांदीची गदा नाही. आहेत ते दोन मोडलेले कान, पूर्ण न वाकणारा उजवा गुडघा आणि दोनशे पानी एक वही. वहीतलं अक्षर माझं आहे. बाकी सगळं त्यांचं.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना कधी महाराष्ट्र केसरीच्या गादीपर्यंत किंवा मातीपर्यंत पोचले नाहीत. जिल्ह्याच्या संघातही त्यांचं नाव कधी लागलं नाही. ते जत्रेचे पैलवान होते. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगावी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान भरतं, तिथे जाऊन लढायचं, बक्षीस घ्यायचं आणि पुढच्या जत्रेची एसटी पकडायची. १९८४ ते १९९६ हा त्यांचा धंदा होता. धंदा हा शब्द त्यांचाच. खेळ म्हटलं की ते हसतात.

‘इंडिपेंडंट सर्किट’ हा शब्द तुमच्यापैकी जे लोक डब्ल्यूडब्ल्यूई बघतात त्यांना माहीत असेल. मोठ्या कंपनीशी करार नसलेले पैलवान शनिवार-रविवारी छोट्या शहरांतल्या हॉलमध्ये, शाळांच्या व्यायामशाळांत लढतात. प्रवास स्वतःचा, दुखणं स्वतःचं, पैसे शोगणिक. २००८ साली आलेला ‘द रेसलर’ हा सिनेमा अशाच एका उतरत्या वयाच्या पैलवानाचा आहे. मी तो लॅपटॉपवर बघितला तेव्हा अर्ध्यातच मला वाटलं, या माणसाच्या गाडीच्या जागी एसटी घातली आणि हातात बदामाची पुरचुंडी दिली की झाले आमचे नाना.

नानांचा यासाठी स्वतःचा शब्द आहे. मोकळा पैलवान. म्हणजे कुणाच्या दावणीला नसलेला.

हा शब्द समजायला थोडं मागे जावं लागतं. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली तिथे पहिल्या कुस्त्या झाल्या. तेव्हा पैलवान संस्थानाचा असायचा. खुराक दरबारातून, तालीम दरबाराची, आणि लढाईसुद्धा एका अर्थी दरबाराच्या अब्रूची. संस्थानं विलीन झाली आणि तो आधार गेला. नंतर काही पैलवान साखर कारखान्यांनी मानधनावर ठेवले, काहींना पोलीस, रेल्वे, सैन्य यांनी नोकरीत घेतलं. उरलेले मोकळे.

दावण मिळाली तरी किती उशिरा मिळायची, हे खाशाबा जाधवांच्या गोष्टीत दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टरची नोकरी लागली ती १९५५ साली. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. ऑलिंपिक पदकवाल्याची ही गत, तर तीन नंबरच्या कुस्तीवाल्याला कोण विचारतो?

तीन नंबरची कुस्ती म्हणजे काय ते सांगतो. जत्रेच्या पत्रकावर कुस्त्या उतरत्या क्रमाने छापलेल्या असतात. एक नंबरची कुस्ती, तिचं बक्षीस सगळ्यात मोठं, दोन्ही पैलवानांचे फोटो. मग दोन नंबर, तीन नंबर. त्याखाली ‘याशिवाय अनेक चटकदार कुस्त्या होतील’ अशी एक ओळ. मैदान मात्र उलट्या क्रमाने चालतं. दुपारी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग वाढत वाढत संध्याकाळी एक नंबर. नाना सुरुवातीची काही वर्षं त्या ‘अनेक चटकदार’मध्ये होते. नंतर तीन नंबरला आले आणि तिथेच राहिले. एकदा फक्त, एक नंबरचा पैलवान आयत्या वेळी आला नाही म्हणून, वर चढवले गेले. ती कुस्ती ते हरले. वहीत तिची नोंद आहे.

जोड कोण लावतं? गावची जत्रा कमिटी आणि तालमीचे वस्ताद. वजनकाटा बहुतेक ठिकाणी नसायचाच. पैलवानाला मैदानातून फिरवायचे, लोक बघायचे, वस्ताद मंडळी डोळ्यांनी माप घ्यायची. ‘ह्याच्यासंगं ह्यो’ म्हटलं की झालं. हलगीवर टिपरू पडायचं, निवेदक माइकवरून पैलवानाचं गाव, तालीम, वस्तादाचं नाव पुकारायचा, आणि हौद्यात उतरून मातीला हात लावून सलामी. लोकांना कुस्ती आवडली तर बक्षिसावर बक्षीस चढायचं. कुणी पन्नास, कुणी शंभर, प्रत्येकाचं नाव माइकवर. नाना म्हणतात, त्या वरच्या पैशावरच घर चालायचं. छापील बक्षीस खुराकात जायचं.

खुराकाचा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे. दूध, तूप, बदाम, आठवड्याचं मटण. जत्रांचा खरा मोसम माघापासून वैशाखापर्यंत. चैत्रात तर एका दिवशी दोन-दोन मैदानं. मृग लागला की मैदानं बंद, नागपंचमीला थोड्या कुस्त्या, मग पुन्हा दसऱ्यापर्यंत शुकशुकाट. मैदानं बंद असतात, पोट बंद नसतं. जोर-बैठका आणि लढतही बंद ठेवून चालत नाही. म्हणजे सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा खुराक. हे गणित ज्याला जमलं तो टिकला. नानांच्या तालमीतली कितीतरी पोरं डावात त्यांच्यापेक्षा सरस होती. ती या गणितात चीत झाली.

नाना बाळकुमला आले १९९६ च्या पावसाळ्यात. गुडघ्यासकट.

माझे वडील त्याआधी वीस-बावीस वर्षं बाळकुममध्ये होते, कोलशेत रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात. आता इथे टॉवर आहेत आणि जुन्या आग्रा रोडवर मेट्रोचे खांब. तेव्हा नाक्यापासून खाडीकडे बघितलं की मधे अडवायला काही नव्हतं. आमची बैठी चाळ होती. शेजारी आगरी आणि कोळी घरं, मधे मधे आमच्यासारखे घाटावरून आलेले. कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीची गोदामं सुरू. तिथल्या एका गोदामात नानांना रात्रपाळीचा पहारा मिळाला. दिवसा ते घरी असायचे. मी शाळेतून आलो की आम्ही दोघं टीव्हीसमोर.

ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे दिवस होते. वर्गात प्रत्येकाच्या दप्तरात पत्ते. अंडरटेकरचा पत्ता असला की मधल्या सुट्टीत आपण राजे. अंडरटेकर मेलेला आहे आणि केन त्याचा भाऊ आहे, यावर मारामाऱ्या व्हायच्या. आणि प्रत्येक घरात एक मोठा माणूस असायचा, जो पेपरातून डोकं वर काढून सांगायचा, ‘अरे, हे सगळं खोटं असतं.’

मला वाटलं होतं, नाना तर नक्कीच म्हणणार. खरी माती खाल्लेला माणूस. ते पहिल्यांदा माझ्याबरोबर बसले तेव्हा एका पैलवानाने दुसऱ्याला डोक्यावर उचलून खाली आपटलं. चाळीतले काका हसले, ‘खोटं आहे, नाना.’

नाना पुढे सरकून बघत होते. म्हणाले, ‘पडतुय तर खरंच की.’

मग मला म्हणाले, ‘पाठ बघ त्याची. हात बघ कसं मारतुय खाली. हनुवटी छातीला लावलीया. शिकीवलंय त्याला कुणीतरी.’ थोड्या वेळाने रिंगच्या आवाजाकडे कान देऊन म्हणाले, ‘फळ्या हायत रं खाली. आमची माती तरी खणलेली असायची.’

हे मला पुढे अनेक वर्षांनी कळलं की ते शंभर टक्के बरोबर होते. त्या रिंगमध्ये लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या असतात, त्यावर पातळसा फोम आणि कापड. पडताना हनुवटी आत घ्यायची आणि दोन्ही हात पसरून आपटायचे, म्हणजे मार पाठभर वाटला जातो. हे शिकायला महिनोन् महिने जातात. नानांनी पाच मिनिटांत ओळखलं, कारण तो माणूस खरा की खोटा हे ते बघतच नव्हते. तो उद्या उठेल का, हे बघत होते.

बाकी सगळी दुनिया मात्र पहिलाच प्रश्न विचारत आली आहे. आमच्या चाळीतले जुने लोक वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंगच्या कुस्त्या बघून आलेले. त्याला ते ‘फ्रीस्टाइल’ म्हणायचे. आज ऑलिंपिकमधल्या ज्या प्रकाराला फ्रीस्टाइल म्हणतात, तो हा नव्हे. हा रिंगमधला, तिकिटाचा, परदेशी राक्षसांशी लढायचा प्रकार. किंग काँग नावाचा एमिल झाया हा अवाढव्य हंगेरियन पैलवान आणि दारा सिंग यांची जोडी तेव्हा आशियाभर गाजली. १९६८ साली दारा सिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या कुस्त्या ठरवलेल्या असायच्या का, यावर आमच्या चाळीत दोन तट होते आणि ते एकमेकांशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

अमेरिकेत या वादाचा निकाल कोर्टात किंवा रिंगमध्ये लागला नाही, तो पैशात लागला. कुस्ती हा खेळ मानला तर राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम लागतात, कर लागतो, डॉक्टर ठेवावा लागतो. म्हणून १९८९ मध्ये विन्स मॅकमहनच्या कंपनीने न्यू जर्सीत सरळ सांगून टाकलं की आमची कुस्ती म्हणजे करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं गुपित कर वाचवायला उघडं केलं. गंमत म्हणजे त्याने प्रेक्षक कमी झाला नाही.

व्हायचं कारणही नव्हतं. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाची सुरुवातच कुस्तीवरच्या निबंधाने केली आहे. प्रेक्षकाला निकाल आधी ठरलाय का याचं काही पडलेलं नसतं, त्याला समोर दिसणारं दुःख आणि न्याय हवा असतो, असं त्याचं म्हणणं. हे कळायला पॅरिसला जायची गरज नाही. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे मुखवटे रात्रभर नाचतात. शेवटी जगदंबा महिषासुराला मारणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून कुणी झोपायला जात नाही.

मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडेही हा खेळ लावून बघितला. २०१२ साली कलर्स वाहिनीवर ‘रिंग का किंग’ नावाची मालिका आली होती, तिचं चित्रीकरण पुण्यात झालं. एक हंगाम झाला आणि बंद. खली, म्हणजे दलिप सिंग राणा, २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि २०१५ मध्ये त्याने जालंधरला स्वतःची शाळा काढली. तिथे देशभरातून पोरं जातात. पण महाराष्ट्रात रिंगची गरज का पडली नसेल, याचं माझं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे सर्किट आधीपासून आहे. त्याला जत्रा म्हणतात.

वही कशी झाली ते सांगायचं राहिलं.

२०२० च्या २५ मार्चला लॉकडाऊनचा पहिला दिवस होता आणि तोच गुढीपाडवा. चैत्र सुरू होतानाच सगळ्या जत्रा बंद. नानांना गावाकडून तालमीतल्या जुन्या सोबत्यांचे फोन येऊ लागले. पोरांनी वर्षभर खुराक खाल्लाय, उधार आहे, आणि मोसम गेला. कुणी ट्रॅक्टरवर जातंय, कुणी भाजी विकतंय. नाना फोन ठेवून गप्प बसायचे. बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये तेव्हा कोविडचं मोठं रुग्णालय झालं होतं, दिवसरात्र सायरन. घरात कुणाला काही सुचत नव्हतं. मी एक कोरी वही काढली आणि म्हटलं, नाना, पहिल्यापासून सांगा.

मी पाच रकाने आखले. तारीख, गाव, जोड, बक्षीस, निकाल. तारखेचा रकाना पहिल्या दिवशीच निकामी झाला. नानांना तारखा आठवत नाहीत, देव आठवतात. ‘बिरोबाची जत्रा, हरभरा निघाला हुता’ हीच तारीख. जोडीच्या रकान्यातही नावं फारशी आली नाहीत. ‘डावखुरा, ढाक चांगली मारायचा.’ ‘दाढीवाला, दमाला कच्चा.’ ‘घिस्सा लावता लावता रडला त्यो, बाप गेल्याला महिना झाला हुता.’ माणसाचं नाव विसरून त्याच्या अंगाची सवय तीस-पस्तीस वर्षं लक्षात ठेवणं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही. शेवटी मी सहावा रकाना वाढवला. काय लागलं. तो सगळ्यात भरगच्च भरला.

जुलैपर्यंत एकशे सदतीस नोंदी झाल्या. एकसष्ट जिंकल्या, एकोणतीस हरल्या. उरलेल्या सत्तेचाळीस बरोबरीत.

सत्तेचाळीस हा आकडा मला टोचत राहिला. जत्रेत लोकांना निकाली कुस्ती हवी असते, एकाची पाठ मातीला लागलेली. बरोबरी म्हणजे बक्षीस बहुतेक ठिकाणी विभागून, आणि लोकांच्या शिव्या वेगळ्या. एका दुपारी नाना लसूण सोलत बसले होते तेव्हा विचारलंच.

‘नाना, यातल्या किती नुरा होत्या?’

नुरा कुस्ती हा शब्द हल्ली आपण राजकारणात वापरतो. दोन पुढाऱ्यांनी आतून ठरवून बाहेर भांडणं. नानांच्या जगात ती शिवी आहे. मला वाटलं चिडतील. ते लसूण सोलतच राहिले.

‘पैसं घिऊन पाठ टेकवायची, त्याला नुरा म्हंत्यात. ते कवा केलं न्हाई.’

‘मग या सत्तेचाळीस?’

‘त्यातल्या निम्म्या खऱ्याच सुटल्या न्हाईत. निम्म्या सांभाळल्या.’

सांभाळल्या. मी हा शब्द तोवर कुस्तीच्या संदर्भात ऐकला नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं. समोरचा आपल्याच तालमीतला निघाला. किंवा उद्या आपली दुसरी जत्रा आहे आणि त्याचीही. किंवा हौदा नीट खणलेला नाही, खाली ढेकळं आणि खडे, जोराचा डाव मारला तर कुणाचं तरी मणकं जाणार. अशा वेळी सलामी घेतानाच डोळ्यांनी कळायचं. तोंडातून शब्द नाही. मग वीस मिनिटं खडाखडी करायची, पट काढायचा पण गुडघा पिळायचा नाही, कलाजंगावर उचलायचं पण मानेवर टाकायचं नाही. लोकांना कळता कामा नये. कळलं तर ढेकळं अंगावर येतात आणि पंच दोघांनाही बाहेर काढतात. म्हणजे दिसायला कुस्ती खरीच पाहिजे. दम खरा लागतो, घाम खरा येतो.

मी म्हटलं, ‘पण लोकांची फसवणूकच ना ही?’

ते म्हणाले, ‘लोकांनी वीस मिनटाचं पैसं दिलं, वीस मिनटं कुस्ती दिली. गुडघ्याचं पैसं कुणी दिलं हुतं?’

या वाक्याने माझ्या डोक्यातली सगळी मांडणी हलली. मी लहानपणापासून समजत आलो की एका बाजूला अंडरटेकरची खोटी कुस्ती आणि दुसऱ्या बाजूला नानांची खरी. पण रिंगमधला सगळ्यात मोठा नियम काय आहे? समोरच्याची मान तुझ्या हातात आहे, ती शाबूत परत कर. तुम्हाला वर उचलून उलटा धरणारा माणूस तुमचा शत्रू असतो तो फक्त प्रेक्षकांसाठी. खरं तर त्या क्षणी जगात तुमचा सगळ्यात जवळचा माणूस तोच. नानांच्या ‘सांभाळण्या’त वेगळं काय होतं? निकाल ठरलेला नव्हता, एवढंच. पण उद्याची भाकरी दोघांचीही आहे, हे दोघांना माहीत होतं. हे शहाणपण पुस्तकात नाही. ज्याला पगार नाही, विमा नाही, आजारपणाची रजा नाही, त्याने ते स्वतः शोधून काढलेलं आहे.

आणि विमा तिकडेही नाहीच. कोट्यवधींचा धंदा करणारी डब्ल्यूडब्ल्यूईसुद्धा आपल्या पैलवानांना नोकर म्हणत नाही, स्वतंत्र कंत्राटदार म्हणते. १९९९ च्या मे महिन्यात ओवेन हार्ट छतावरून दोरीने खाली येताना पडून मेला, भर कार्यक्रमात. शो तसाच पुढे चालू राहिला. त्या रात्री तरी ‘खोटं आहे’ म्हणणाऱ्यांनी काय म्हणायचं होतं?

नानांचा गुडघा १९९६ च्या वैशाखात गेला. एकशे पस्तीसावी नोंद. समोरचा पोरगा नवा होता, जोरकस, त्याला सांभाळणं शिकवलेलं नव्हतं. एकेरी पट काढला आणि पाय धरून पूर्ण अंगाने फिरला. नाना म्हणतात, आवाज हलगीच्या वर ऐकू आला. जत्रा कमिटीने हरलेल्या पैलवानाचे पैसे दिले, वर जीपने तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं आणि खिशात तीनशे रुपये घातले. नानांना यात काही वावगं वाटत नाही. ‘चांगली माणसं हुती,’ म्हणतात. मला राग येतो तो या चांगुलपणाचाच. एका माणसाची कमाई कायमची संपते, आणि त्याच्यापुढे असतो तो फक्त कुणाचा तरी चांगुलपणा.

किताब मिळाला की आयुष्य बदलतं, हे खरं आहे. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, नरसिंग यादवही. २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला थार गाडी मिळाली. ते सगळं त्यांनी घामाने मिळवलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या एका गदेखाली हजारो तीन नंबरवाले असतात. त्यांच्याशी लढून लढूनच एक नंबरवाला तयार होतो. तालमीत त्याच्या अंगावर रोज जे पडतात त्यांचं नाव पत्रकावर नसतं.

वयोवृद्ध पैलवानांना मानधन मिळतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती वही घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी वही चाळली. सभ्य माणूस होता, दोन-चार नोंदी वाचून हसलासुद्धा. मग म्हणाला, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागेल. मी म्हटलं, जत्रेत प्रमाणपत्र देत नाहीत, फेटा आणि नारळ देतात. तो म्हणाला, मग फेट्याबरोबरचा एखादा फोटो? फोटो एक नंबरवाल्याचे काढतात. मी वही पिशवीत घातली.

घरी येऊन नानांना सांगितलं. मला वाटलं होतं ते खचतील. ते म्हणाले, ‘बरोबर हाय त्याचं. त्यानं कशावरनं मानायचं?’ आणि टीव्ही लावला.

तेव्हापासून मी त्या वहीकडे पुरावा म्हणून बघणं सोडून दिलंय. तिच्यातला निम्मा भाग तसाही सिद्ध करता येणार नाही. ज्यांच्याशी ते लढले त्यांच्याही घरी कुठे अशी वही असेल, तर त्यातल्या निकालांशी ही जुळेलच असं नाही. पण क्रिकेटमध्ये एक चेंडू खेळलेल्या माणसाचीही नोंद सापडते आणि बारा वर्षं अंगाला माती लावलेल्या माणसाची सापडत नाही, हे मला पटत नाही. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीच्या गेटवर असा मोडक्या कानांचा कुणी असेल, तर त्याला एकदा विचारा. फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू करा. ‘किती जिंकलात’ असं विचारू नका. ‘कुणाबरोबर लढलात’ असं विचारा.

शेवटची, एकशे सदतीसावी नोंद बाळकुमकडची आहे, म्हणून ती मी स्वतः पाहिलेली आहे.

१९९८ चा चैत्र. नाना छत्तीस वर्षांचे, गोदामावर पहारा करत होते, पायाला पट्टा बांधून चालायचे. आमच्या शेजारच्या आगरी काकांचं मूळ गाव खाडीपलीकडे. ते संध्याकाळी येऊन म्हणाले, ‘नाना, आमचे गावान जत्रा हाय, कुस्ती खेलाला येशील का?’ आमच्याकडे आगरी गावांच्या जत्रेतही कुस्त्या रंगतात, आणि घाटावरचा पैलवान म्हटलं की माणसं जमतात. आईने नको म्हटलं. वडील काही बोलले नाहीत. मी दहा वर्षांचा होतो, त्यामुळे मला न्यावंच लागलं.

समोर वीस-एकवीसचा पोरगा होता, भिवंडीकडचा, अंगाने चांगला. चार-पाच मिनिटं खडाखडी झाली. मग नानांनी त्याला खाली घेतला आणि हप्ता भरला. मी मैदानाच्या अगदी कडेला बसलो होतो. पोराचा खांदा वळला, तोंड वेडंवाकडं झालं, आता पाठ लागणार हे मलाही दिसत होतं. हलगी वाढली. आणि नानांची पकड सुटली. पोरगा फिरून मोकळा झाला. पुढे बराच वेळ दोघं झटले, काही झालं नाही. पंचांनी दोघांचे हात वर केले. पैसे विभागून मिळाले. परतीच्या रिक्षात नाना गुडघा धरून बसले होते आणि मी रुसून खाडीकडे बघत होतो.

वहीत ही नोंद करताना मी थांबलो. विचारलं, ‘नाना, हात घामानं सुटला होता का?’

‘खांदा निघाय लागला हुता त्याचा. आठ दिसांनी त्याची दुसरी कुस्ती हुती, सलामीच्या आधी म्हणाला हुता.’

‘मग निकालात काय लिहू?’

‘पंचांनी काय दिला?’

मी बरोबरी लिहिलं. ‘काय लागलं’ या रकान्यात मी आपलं ‘गुडघा’ भरलं. मग नानांनी ती ओळ मला पुन्हा वाचून दाखवायला लावली आणि म्हणाले, गुडघ्याफुडं लिही, त्याला काय लागलं न्हाई.